पर्शियन बोक्याच्या किडनीत गाठी निघाल्या. त्याच्या बहिणीची पिल्लं होऊ द्यावीत का?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा पर्शियन बोका सुलतान चार वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा उलटी करायचा, केसांचे गोळे असतील म्हणून दवाखान्यात नेला, तर डॉक्टरांनी पोट चाचपून लगेच सोनोग्राफी सांगितली. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या बऱ्याच गाठी, सगळ्यात मोठी ११ मिलिमीटरची. डावी किडनी ५.१ सेंटिमीटर, उजवी ४.८. रक्तात क्रिएटिनिन १.७, एसडीएमए १९ (ही दोन्ही किडनीनं बाहेर टाकायची द्रव्यं, रक्तात वाढली की किडनी थकली समजायचं), लघवीची घनता १.०२८. वजन वर्षभरात ४.४ किलोवरून ३.९ वर आलं. त्यांचे प्रश्न तीन: ड्राय फूड घातल्यामुळे हे झालं का, तो किती जगेल, आणि त्याची सख्खी बहीण नूरी नात्यातल्या घरी आहे, तिची मेटिंग ठरली आहे, ती होऊ द्यावी का.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तीच बोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. ड्राय फूडनं हे झालेलं नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून रोज ताजी मासळी उकडून घातली असती, तरी सुलतानच्या किडनीत या गाठी निघाल्याच असत्या. तो आईच्या पोटात होता तेव्हाच त्यांची सुरुवात झाली होती. या आजाराला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणतात, आम्ही दवाखान्यात नुसतं पीकेडी म्हणतो.

पीकेडी१ नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक असते, ‘सी’च्या जागी ‘ए’. त्या एका अक्षरानं तिथे पूर्णविराम पडतो आणि पॉलिसिस्टिन नावाचं प्रथिन अर्धवटच तयार होतं. किडनीच्या बारीक नळ्यांच्या पेशींना आपण किती वाढायचं, कुठे थांबायचं हे कळण्यासाठी हे प्रथिन लागतं. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. सुलतानची एक प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. दुसरी प्रतही एखाद्या पेशीत बिघडली की तिथे नळी फुगायला लागते, पाणी साचतं, गाठ होते. हे एकाच वेळी सगळीकडे होत नाही, एकेका पेशीत, आपापल्या वेळी होतं. म्हणूनच एकाच आईच्या दोन पिल्लांत एकाची किडनी तिसऱ्या वर्षी हाताला द्राक्षाच्या घडासारखी लागते आणि दुसऱ्याच्या दहाव्या वर्षीही चार-दोन गाठीच असतात. मांजराच्या एका किडनीत गाळण्या साधारण २ लाख. गाठी वाढतात तशा शेजारच्या चांगल्या गाळण्या दाबल्या जातात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

हा आजार दुर्मीळ असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. अमेरिकेत पर्शियन मांजरांच्या एका कुटुंबात तो घराण्यातून येतो असं १९९० मध्ये नोंदवलं गेलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेमकी चूक शोधून काढली. त्याआधी ब्रिटनमध्ये सोनोग्राफीनं तपासलेल्या पर्शियन मांजरांपैकी जवळपास निम्म्यांत गाठी सापडल्या होत्या. ऑस्ट्रेलियात ४५ टक्के, फ्रान्समध्ये साधारण ४२. तपासायला आणलेल्या मांजरांचे हे आकडे आहेत, गल्लीतल्या प्रत्येक पर्शियनचे नव्हेत. तरी एखाद्या जातीत निम्म्यापर्यंत जाणारा आनुवंशिक आजार म्हणजे फार झाला.

आपल्याकडे लोक विचारतात, ‘पंच फेसला होतो की डॉल फेसला?’ चेहऱ्याचा काही संबंध नाही. नाक चपटं असो वा लांब, रक्त पर्शियनचं असलं की शक्यता आली. हिमालयन आणि एक्झॉटिक शॉर्टहेअर तर पर्शियनचीच भावंडं. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि स्कॉटिश फोल्डमध्येही कधीकाळी पर्शियनचं रक्त मिसळलं आहे, त्यामुळे तिथेही हा आजार दिसतो. ‘सेमी पर्शियन’ म्हणून विकली जाणारी पिल्लंही यातून सुटत नाहीत, कारण आजार यायला एकच बिघडलेली प्रत पुरते. आणि वंशावळीचं ते सर्टिफिकेट, ज्यासाठी चार-पाच हजार जास्त मोजले जातात, त्यावर आजोबा-पणजोबांची नावं असतात. त्यांच्या किडन्या कशा होत्या ते त्यावर नसतं.

आता तुमचा रिपोर्ट. निरोगी मांजराची किडनी साधारण ३ ते साडेचार सेंटिमीटर असते, सुलतानच्या दोन्ही त्याहून मोठ्या आहेत. क्रिएटिनिन १.७ पाहून कोणी म्हणेल, ‘किंचितच वाढलंय, काही नाही.’ असं मी स्वतः म्हणालेलो आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पाच वर्षांची पांढरी भाटी आली होती. वजन उतरलेलं, क्रिएटिनिन १.५. मी नॉर्मल म्हणून घरी पाठवली, जंताचं औषध दिलं. पोटाला हात लावला होता, पण घाईत. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा हाताला काकडीच्या बियांसारखा खडबडीतपणा नीट लागला आणि क्रिएटिनिन ६ च्या वर होतं. तेव्हापासून पर्शियनच्या पोटाला हात लावताना मी फोन घेत नाही.

क्रिएटिनिन वाढायला लागतं तोवर किडनीची साधारण तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते. एसडीएमए त्याच्या बरंच आधी हलतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ते करून घेतलं हे चांगलं केलं. लघवीची घनता १.०३५ च्या खाली, म्हणजे किडनी पाणी नीट राखून धरत नाही. हे सगळं एकत्र धरलं की सुलतान आयआरआयएसच्या, म्हणजे किडनीचा आजार कुठवर आलाय ते मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या, दुसऱ्या टप्प्यात बसतो. एकूण टप्पे चार. पण टप्पा एका रिपोर्टवर ठरवायचा नसतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असतानाचं, उलट्या चालू असतानाचं रक्त खोटं बोलतं. उलट्या थांबल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

दोन तपासण्या तुमच्या यादीत दिसत नाहीत, त्या करून घ्या. एक, रक्तदाब. हो, मांजराचाही बीपी मोजतात, शेपटीला किंवा पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून. १६० च्या वर गेला तर औषध लागतं, बहुधा अम्लोडिपिन. किडनी बिघडलेल्या मांजरात बीपी गुपचूप वाढतो आणि एके दिवशी मांजर भिंतीला धडकायला लागतं, कारण डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. त्या दिवशी मालक मला सांगतात, ‘कालपर्यंत छान दिसत होतं त्याला.’ दुसरी तपासणी, लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण, रिपोर्टवर ते यूपीसी म्हणून येतं. ०.४ च्या वर असेल तर टेल्मिसार्टनसारखं औषध द्यायचं का, हा विचार करावा लागतो. लघवीत जंतुसंसर्ग आहे का ते कल्चर करून पाहा. पातळ लघवीत जंतू सहज वाढतात, आणि गाठीत संसर्ग शिरला तर तो काढणं जिवावर येतं. त्यासाठी जी अँटिबायोटिकं आत पोचतात, त्यांतलं एन्रोफ्लॉक्सासिन मांजराला जास्त डोसमध्ये दिलं तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून कुत्र्यासाठी आणलेल्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी देऊ नका.

आता खाणं. इथे घरोघरी दोन टोकं पाहतो. एका घरात किडनीचं नाव ऐकताच चिकन बंद आणि दूधभात चालू. मांजर मांसाहारी प्राणी आहे, त्याला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं, प्रथिनं लागतात. प्रथिनं तोडली की ते स्वतःचे स्नायू खायला लागतं, आणि तुमच्या सुलतानचं वजन आधीच अर्धा किलो उतरलं आहे. दुसऱ्या घरात, ‘त्याला आवडतं’ म्हणून रोज सुकट आणि सुके बोंबील. सुक्या मासळीत मीठही भरपूर आणि फॉस्फरसही. किडनी जसजशी थकते तसतसा फॉस्फरस रक्तात साचतो आणि किडनीला आणखी खातो. आहारात खरा सांभाळायचा तो हा. दुसऱ्या टप्प्यापासून किडनीचं खास अन्न सुरू करावं, शक्यतो ओलं. जुन्या खाण्यात चमचा-चमचा मिसळत तीन-चार आठवड्यांत बदलायचं. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि किडनीच्या आधी तेच जीव घेतं. काही केल्या खात नसेल तर जे खातो ते खाऊ द्या आणि फॉस्फरस बांधणारं औषध अन्नात घालायचं का, ते डॉक्टरांना विचारा. केवळ उकडलेलं चिकन हा पूर्ण आहार होत नाही, त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच.

पाण्याची वाटी खाण्याच्या ताटलीजवळ ठेवू नका, मांजरांना ते आवडत नाही. घरात तीन-चार ठिकाणी रुंद तोंडाची भांडी ठेवा, मिशा कडेला घासणार नाहीत अशी. वाहतं पाणी आवडत असेल तर छोटं कारंजं घ्या. चिकन उकडल्याचं पाणी चालतं, पण त्यात कांदा, लसूण, मीठ काही नको. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे आपल्या स्वयंपाकघरात विसरायला फार सोपं आहे.

घरी करायची दोन कामं सांगतो. महिन्यातून एकदा, त्याच वजनकाट्यावर, सुलतानला कडेवर घेऊन आधी स्वतःचं आणि मग दोघांचं वजन करा. पर्शियनच्या केसांखाली काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. किडनीच्या मांजरांचं वजन निदानाच्या तीन वर्षं आधीपासून घसरू लागतं असं दिसून आलं आहे. आणि लिटर, म्हणजे शी-शूची वाळू, साफ करताना लघवीनं झालेल्या गोळ्यांकडे लक्ष ठेवा. लिंबाएवढे गोळे संत्र्याएवढे झाले, तर लघवी वाढली.

पुढे कधीतरी कातडीखाली सलाईन द्यायची वेळ येईल. घाबरू नका. माझ्याकडच्या कितीतरी आज्या ते घरी देतात. रिंगर लॅक्टेटची बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, आधी कोमट पाण्यात ठेवून थोडी गरम करायची, मांजर टॉवेलवर, खांद्यामागची कातडी चिमटीत. पहिल्यांदा आम्ही समोर बसवून शिकवतो. किती मिली, किती दिवसांनी, हे मात्र रक्ताचे आकडे पाहूनच ठरतं. हृदय कमजोर असेल तर हेच पाणी छातीत भरतं.

काय करू नये याची यादी छोटी, पण पाठ करा. पॅरासिटामॉल नाही, चिमूटभरही नाही. मांजराला ते जीवघेणं आहे, किडनी चांगली असली तरी. आयब्युप्रोफेन नाही. घरात लिलियम जातीची लिली असलेला पुष्पगुच्छ नाही. तिचे परागकण अंगावर पडले आणि ते मांजरानं चाटले, तरी धडधाकट मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडते. गोखरू, पुनर्नवा किंवा ‘स्टोन’चं सिरप नाही. गाठी म्हणजे खडे नव्हेत, त्या विरघळत नाहीत. सुई घालून गाठींतलं पाणी काढा असंही कोणी सुचवेल. एखादी मोठी गाठ दुखत असेल किंवा सडली असेल तर ते करतात, एरवी ती पुन्हा भरते. माणसांतल्या याच आजारावर टोल्व्हॅप्टन नावाचं औषध निघालं आहे, तुम्ही ते वाचलंही असेल. मांजरात वापरावं असा आधार त्याला अजून नाही.

किती जगेल? या आजारात किडनी निकामी होण्याची लक्षणं सरासरी सातव्या वर्षाच्या सुमारास दिसतात, पण कोणाला तिसऱ्या वर्षी, कोणाला दहाव्या. सुलतानला चौथ्या वर्षी दुसरा टप्पा, म्हणजे तो सरासरीपेक्षा लवकर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या टप्प्यातली मांजरं नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं खातात, खेळतात, पडदे फाडतात. आकड्यांपेक्षा मी हे पाहतो: भूक आहे का, अंग चाटतो का, दाराशी येतो का. दर तीन-चार महिन्यांनी रक्त, लघवी, बीपी. गाठींसाठी सोनोग्राफी दर महिन्याला नको, त्यातून उपचार बदलत नाही.

आता नूरी. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलात.

हा आजार प्रभावी जनुकाचा आहे. लपून राहणारा वाहक यात नसतो. ज्याच्याकडे बिघडलेली प्रत आहे त्याला गाठी होतातच, कमी किंवा जास्त. म्हणजे सुलतानच्या आईला किंवा बापाला, निदान एकाला, हा आजार आहे किंवा होता. ज्यांच्याकडून पिल्लं घेतलीत त्यांना विचारा. ‘बाप सहा वर्षांचा असताना उन्हाळा बाधून गेला’ असं उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की उन्हाळा हे पर्शियनच्या पीकेडीचं मराठी नाव आहे की काय, असं वाटतं.

आईबापांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवण्यासारखं. नूरीलाही तेवढीच. नूरीला असेल आणि बोका निरोगी असेल, तर पुन्हा प्रत्येक पिल्लामागे नाणं. चार पिल्लं झाली तर चारही निरोगी निघण्याची शक्यता सोळांत एक. आणि बोकाही आजारी निघाला तर? ज्या पिल्लाला दोन्हीकडून बिघडलेली प्रत येते ते गर्भातच मरतं, जन्माला येत नाही. उरलेल्यांत तीनांपैकी दोघांना आजार. मालक मात्र एवढंच म्हणतात, ‘या वेळी पिल्लं कमी झाली.’

नूरीची तपासणी दोन तऱ्हेनं होते. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेऊन, किंवा थोडं रक्त घेऊन, जनुकाची चाचणी. आयुष्यात एकदाच, कोणत्याही वयात. भारतातल्या काही खासगी प्रयोगशाळाही ती करतात, तुमचे डॉक्टर नमुना पाठवतील. (दूध पिणाऱ्या पिल्लाच्या गालाचा नमुना घेऊ नका, त्यात आईच्या पेशी येऊ शकतात.) दुसरी सोनोग्राफी, दहा महिन्यांच्या पुढे. चार महिन्यांच्या पिल्लात ती करून ‘नाही’ म्हटलं तर चार आजारी पिल्लांतलं साधारण एक नजरेतून सुटतं. मशीनची प्रोब ७.५ मेगाहर्ट्झ किंवा वरची हवी, माणसाच्या पोटासाठीच्या प्रोबला दोन मिलिमीटरची गाठ दिसत नाही. पोटाचे केस काढावे लागतात. पर्शियनच्या मालकांना गाठींपेक्षा त्याचंच जास्त दुःख होतं, पण केस येतात परत. मी दोन्ही करायला सांगतो, कारण चाचणी ठरावीक चूकच शोधते आणि सोनोग्राफी आजार कुठवर आलाय ते दाखवते. चाचणी निगेटिव्ह आली याचा अर्थ किडनीला कधीच काही होणार नाही, असा मात्र नाही. म्हातारपणी किडनी कोणत्याही मांजराची जाऊ शकते.

नूरी पॉझिटिव्ह निघाली तर नसबंदी करा आणि वर्षाकाठी तपासत राहा. तिच्यात आज लक्षण नसेल तर खाण्यापिण्यात काही बदलू नका. ‘पण रंग फार सुंदर आहे हो, एकदा तरी,’ हे मी ऐकणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. रंगासाठी तिचा निगेटिव्ह भाऊ किंवा बहीण शोधा, सरासरी निम्मी भावंडं निरोगी असतात. लपलेले वाहक नाहीत म्हणून हा आजार एका घराण्यातून एकाच पिढीत बाहेर काढता येतो, आणि आनुवंशिक आजारांत असं भाग्य क्वचित मिळतं. नूरी निगेटिव्ह आली तर अर्धं काम झालं. ज्या बोक्याशी मेटिंग ठरली आहे त्याचा रिपोर्ट मागा. तोंडी ‘आमचा एकदम हेल्दी आहे’ हा रिपोर्ट नव्हे. सुलतानही चार महिन्यांपूर्वीपर्यंत एकदम हेल्दीच होता.

मेटिंग पुढे ढकलल्यानं नूरीचं काही बिघडत नाही. ती पुन्हा हीटवर (माजावर) येईल. मांजरांचा माज दिवसाच्या उजेडावर ठरतो, आणि आपल्याकडच्या उजेडात तर फार वाट पाहावी लागत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. सुलतानची नसबंदी झाली आहे का? या चार वर्षांत त्याला कोणाकडे मेटिंगला पाठवलं होतंत का? पाठवलं असेल, तर त्या घरांचे नंबर शोधून ठेवा. त्यांच्याकडच्या आणि त्यांनी पुढे दिलेल्या पिल्लांपैकी साधारण निम्म्यांच्या पोटात आज काय वाढतंय, ते तिथल्या कोणाला माहीत नाही.